मदत हवी आहे: आवडीनिवडी जुळणारा, साधा-सरळ थेरपिस्ट कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. पदवी, परवाना, अनुभव या गोष्टी तपासता येतात, अडतं त्यापुढे. प्रोफाइलवर 'वाचन, संगीत, प्रवास' सगळेच लिहितात, त्यावरून माणूस कळत नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: उद्दिष्टांवर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि परस्परांतला बंध. समान आवड फार तर तिसऱ्याला हातभार लावते. पहिले दोन नसतील तर ५० मिनिटं बुद्धिबळावर गप्पा रंगतात नि मूळ दुखणं तिथंच! तरी ऑनलाइन गेममधली मैत्री खरी असते हे पटवण्यातच पहिली सत्रं जाऊ नयेत, एवढी आपल्या आवडीच्या जगाची ओळख थेरपिस्टला हवीच.

सुरुवातीच्या १५ मिनिटांच्या कॉलसाठी प्रश्न काढलेत: माझी अडचण तुमच्या शब्दांत कशी सांगाल? पहिल्या चार सत्रांत नेमकं काय करू? उपयोग होत नाहीये हे कशावरून ओळखायचं? उत्तर नुसतं जड परिभाषेत आलं, तर तो थेरपिस्ट बाद.

आता जाणकारांनी सांगावं. थेरपिस्ट स्वतःबद्दल मोजकंच बोलतात (आणि ते बरोबरच आहे), मग आवडीचा विषय आगाऊपणा न वाटता कसा काढायचा? तो आपल्याच गेमिंग ग्रुपमध्ये किंवा क्लबात निघाला, तर दुहेरी नातं (थेरपिस्टही आणि मित्रही) नको म्हणून थेट नकार द्यावा का? आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात अवघडल्यासारखं झालं, तर ते विषय नाजूक असल्यामुळे की माणूस जुळत नसल्यामुळे, हे तुम्ही कसं ठरवता?