मदत हवी आहे: १९७१ च्या संघाच्या सह्यांची बॅट – तेल लावू का? किती मागायचे?

ठाणे_पश्चिम
घरी १९७१ च्या विजयी भारतीय संघाच्या सह्या असलेली बॅट आहे. लाकूड कोरडं दिसतंय आणि वर पांढरट डाग आलेत. दोनच प्रश्न आहेत. लिनसीड (जवसाच्या) तेलाचा एक हात मारला तर चालेल ना? आणि विकायची तर किंमत किती सांगायची? रविवारी एक जण बघायला येतोय, त्यामुळे कृपया लवकर सांगा.

शाईचा_डाग
तेल अजिबात लावू नका. सह्या बॉलपेनच्या असतील तर तेलाबरोबर शाईतला रंग सुटतो आणि विलोच्या, म्हणजे बॅटच्या लाकडाच्या, रेषांतून पसरतो. पसरला नाही तरी लिनसीड वाळताना पिवळं पडतं आणि वर्षागणिक गडद होत जातं, म्हणजे निळी सही तपकिरी लाकडात बुडते. यातलं काहीही नंतर उलटवता येत नाही.
आता हे सांगा: सह्या कोणत्या पेनने आहेत? पुढच्या बाजूला की मागे? बॅट खेळायच्या मापाची आहे की छोटी? डाग कापसासारखे आहेत की पिठासारखे? फोटो टाका.

विलो_आणि_वेत
सरसकट नाही म्हणू नका. सुकलेल्या विलोला टोकाकडून चिरा जातात. सह्यांची जागा सोडून कडांना आणि पाठीला चमचाभर तेल बोटाने चोळलं तर काय बिघडतं?

शाईचा_डाग
बिघडतं. तेल जिथे लावाल तिथेच थांबत नाही, रेषेच्या दिशेने दोन-चार इंच सहज सरकतं. खेळायच्या बॅटला तेल लागतं कारण तिला चेंडूचा मार खायचा असतो. ही कपाटात राहणार आहे. चिरा कोरडेपणापेक्षा आर्द्रता सारखी वर-खाली झाल्याने जास्त जातात. ती स्थिर ठेवा, तेलाची गरजच पडणार नाही.

पॉइंटचा_फिल्डर
धोनीची २०११ च्या फायनलची बॅट त्याच वर्षी लंडनच्या लिलावात १ लाख पौंडांना गेली होती. १९७१ चा संघ त्याहून ऐतिहासिक आहे. लाखांतच बोला, कमी घेऊ नका.

जुना_कागद
ती तुलना इथे लागू नाही. ती बॅट प्रत्यक्ष फायनलमध्ये वापरलेली होती आणि लिलाव धर्मादाय होता. सामन्यात वापरलेली वस्तू आणि नुसत्या सह्यांची वस्तू हे दोन वेगळे बाजार आहेत. किमतीआधी बॅट नक्की कधीची ते ठरवू.
ठाणे_पश्चिम, '१९७१ चा संघ' म्हणजे कोणता? वेस्ट इंडिजला गेलेला की इंग्लंडला? दोन्हीकडे कर्णधार वाडेकर, पण खेळाडू वेगळे. सलीम दुराणी आणि जयसिंहा फक्त वेस्ट इंडिजला होते. चंद्रशेखर आणि फारुख इंजिनीयर फक्त इंग्लंडला. कोणाकोणाच्या सह्या वाचता येतात? आणि बॅटवर स्टिकर असेल तर त्यावरचा मजकूर जसाच्या तसा लिहा, पत्त्यासकट.

ठाणे_पश्चिम
पूर्ण मापाची. निळ्या बॉलपेनने, पुढच्या बाजूला. फोटो इथे चढत नाहीये. डाग ओल्या फडक्याने पुसून बघितले तर खालची एक सही थोडी पसरली. ती नीट करता येईल का? नावं संध्याकाळी बघून लिहितो.

शाईचा_डाग
पसरलेली सही परत नीट होत नाही. वरून गिरवू तर मुळीच नका. एक सही गिरवली की बाकीच्या सगळ्यांवर संशय येतो. पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे, सगळं लांब ठेवा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये लगेच विरघळते.
डागांचं असं करा. भिंगातून बघा. कापसासारखे तंतू असतील तर बुरशी. बारीक पीठ आणि शेजारी एक-दोन मिलिमीटरची भोकं असतील तर कीड. रात्रभर काळ्या कागदावर ठेवा, सकाळी खाली ताजं पीठ पडलेलं दिसलं तर कीड जिवंत आहे.
बुरशी असेल तर आधी बॅट सुकू द्या. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. ५०-५५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत दोन आठवडे आडवी ठेवा. बुरशी वाळून भुकटी झाली की एन-९५ मास्क लावून, गॅलरीत, मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने सह्यांपासून दूर झटका. ओली असताना घासली तर ती रेषांत आणखी आत बसते.

कोथरूडची_आजी
तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, ओल ओढून घेतात. सोबत डांबरगोळ्या टाका, कीड लागत नाही.

विलो_आणि_वेत
आजी, दोन्ही नको. तांदळाची पावडर लाकडावर बसते आणि तीच किड्यांना खाऊ होते. डांबरगोळीच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं, तेव्हा मूठ किंवा स्टिकर चिकट होऊ शकतो. सरळ सिलिका जेल आणा आणि बंद डबा भरून टाका.

शाईचा_डाग
भट्टीतून काढलेलं कोरडंठाक जेल बंद डब्यात टाकलं तर आर्द्रता २० टक्क्यांखाली जाईल आणि ज्या चिरांची तुम्हाला भीती आहे त्या तुम्हीच पाडाल. प्रमाण साधारण घनमीटरला २० किलो धरतात. १०० × २० × १५ सेंमीचा डबा म्हणजे ३० लिटर, म्हणजे ६०० ग्रॅम जेल. ते आधी ५० टक्क्यांच्या आसपासच्या खोलीत ताटात पसरून आठ-दहा दिवस ठेवा, मग कापडी पिशवीत भरून डब्यात. असं जेल जास्तीची ओल शोषतं आणि हवा फार कोरडी झाली तर परतही देतं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. नारिंगी मिळतं ते घ्या.
डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक हवाच. विकत आणल्यावर तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंब-थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. ते आणि मापक एका झिप पिशवीत १२ तास. ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर प्रत्येक वेळी पाच मिळवायचे. मुंबई-ठाण्यात जुलैत हे केल्याशिवाय आकड्यावर विसंबू नका.

कायदेकानू
बॅट परदेशी पाठवणार असाल तर पुरावशेष कायदा १९७२ बघा. वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर निर्यातीवर बंदी आहे, हस्तलिखितांना ती मर्यादा ७५ वर्षांची.

जुना_कागद
बॅट शंभर वर्षांची नाही आणि कोणी परदेशी पाठवतही नाहीये. नावांची वाट बघतोय.

ठाणे_पश्चिम
वाचता येणारी नावं: वाडेकर, गावस्कर, विश्वनाथ, सोलकर, आबिद अली, बेदी, चंद्रशेखर, इंजिनीयर, दुराणी. एक सही 'एम ए के' अशी सुरू होते, पुढचं लागत नाही. सरदेसाई शोधूनही सापडली नाही. स्टिकर जालंधरच्या कंपनीचा आहे, पत्त्यात गावापुढे १४४ ने सुरू होणारे सहा आकडे आहेत. आता तरी किंमत सांगा!

जुना_कागद
ही १९७१ ची बॅट नाही, आणि हे रविवारी यायच्या आधी कळलं ते बरं झालं.
सहा आकडी पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. म्हणजे बॅट त्यानंतरची. दुराणी आणि इंजिनीयर १९७१ च्या कुठल्याच दौऱ्यावर एकत्र नव्हते. पण १९७२-७३ ला टोनी लुईसचा इंग्लंड संघ भारतात आला तेव्हा दोघेही खेळले, कर्णधार वाडेकरच होते आणि आपण मालिका २-१ जिंकलो. 'एम ए के' म्हणजे मन्सूर अली खान पतौडी. ते १९७१ च्या दोन्ही दौऱ्यांवर नव्हते, या मालिकेत मद्रास कसोटीपासून परत आले. सरदेसाईंची शेवटची कसोटी त्याच मालिकेतली पहिली, दिल्लीची. दुराणींना कानपूरला वगळलं होतं. एकाच सामन्यात घेतलेल्या सह्या असतील तर उरतात मद्रास आणि मुंबई. मुंबईची फेब्रुवारी १९७३ मध्ये ब्रेबॉर्नला झाली. घरातलं कोणी तिथे असल्याची काही खूण आहे का? तिकीट, पास, फोटो, पत्र?
हे सगळं जुळणं म्हणजे सह्या खऱ्या असल्याचा पुरावा नाही. एवढंच की नावं आणि बॅट एकमेकांना खोटं पाडत नाहीत.

पॉइंटचा_फिल्डर
यूव्ही (अतिनील) टॉर्च मारा. निळं चमकलं की नवीन, नाही चमकलं की अस्सल.

शाईचा_डाग
ती चाचणी कागदाची, आणि तीही १९५० च्या आधीचा म्हणून विकलेल्या कागदाची. चकाकी आणणारी रसायनं १९७२ च्या कितीतरी आधी कागदात आली होती. बॅटवर यूव्हीने फार तर नंतर मारलेलं वॉर्निश किंवा डिंक दिसेल.
सह्यांसाठी दहापट भिंग घ्या. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर छापील. बॉलपेनने लाकडात खोबण पडते, तिरपा उजेड टाकला की दिसते. खरी सही वेगात केलेली असते, सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नक्कल करणारा अक्षरं काढतो, म्हणून रेघ थरथरते, मधेच पेन उचललेलं दिसतं आणि टोकं बोथट येतात. दहाही सह्यांचा दाब आणि तिरकेपणा सारखाच असेल तर एकाच हाताचं काम. नमुना त्याच काळातला घ्या. गावस्करांची आजची सही १९७३ च्या सहीशी ताडून उपयोग नाही.

विलो_आणि_वेत
अमेरिकेतल्या पीएसए किंवा जेएसए या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांकडून प्रमाणपत्र घेतलं की प्रश्नच मिटला.

जुना_कागद
त्यांचा भर अमेरिकी खेळांवर. सत्तरच्या दशकातल्या भारतीय कसोटीपटूंसाठी जुन्या संघपत्रकांशी (खेळाडूंनी सह्या केलेल्या संघाच्या याद्यांशी) ताडणारा माणूस जास्त कामाचा. पुण्यात सहकारनगरला ब्लेड्स ऑफ ग्लोरी हे क्रिकेट संग्रहालय आहे, तिथे सह्या केलेल्या खूप बॅट्स बघायला मिळतात, डोळा तयार होतो. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र मात्र शून्य किमतीचं.
किंमत आकड्यात सांगणार नाही, फोटोशिवाय कोणीही सांगू नये. बघायचं ते असं: लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तशाच संघ-बॅटचे भाव (मागितलेले नव्हे), खरेदीदाराकडून घेतला जाणारा अधिभार वजा करून, मग तुमचं कमिशन वजा. वाडेकर २०१८ ला गेले, सोलकर २००५ ला, पतौडी २०११ ला, दुराणी आणि बेदी २०२३ ला. या सह्या आता नव्याने होणार नाहीत, ही जमेची बाजू. पसरलेली सही आणि डाग ही वजाबाकी. 'विजयी १९७१' म्हणून विकलीत आणि खरेदीदाराने पिनकोड वाचला तर उरलेल्या खऱ्या सह्यांवरचाही विश्वास जाईल.

ठाणे_पश्चिम
भुकटी नाही, तंतू आहेत, म्हणजे बुरशी. रविवारच्या माणसाचा फोन आला होता. म्हणतो, तपासायला आठवडाभर घेऊन जातो. देऊ का? आणि भिंतीवर काचेत लावली होती, परत तिथेच लावू?

शाईचा_डाग
काचेत लावायची तर यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक, बॅटपासून किमान दोन सेंमी अंतर ठेवून, कारण चिकटली की ओल तिथेच साचते. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नको, त्यातून आम्ल वाफा येतात. यूव्ही अडवलं तरी साध्या उजेडाने बॉलपेन उडतंच, एलईडी असला तरी. उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर नको, आणि वर्षातले तीन-चार महिनेच बाहेर. एरवी आम्लविरहित टिश्यूत गुंडाळून डब्यात. पीव्हीसीची पिशवी नको, शाई तिला चिकटते.

जुना_कागद
घेऊन जाऊ देऊ नका, त्याने तुमच्यासमोर बघावं. द्यायचीच झाली तर आधी प्रत्येक सहीचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून. स्टिकरचा, मुठीचा आणि लाकडाच्या रेषांचाही, कारण रेषा प्रत्येक बॅटच्या वेगळ्या असतात आणि बदलून दिलेली बॅट त्यावरूनच ओळखता येते. मग दोघांच्या सहीची पावती, त्यात परतीची तारीख. आणि ते पतौडींच्या सहीचं टोक कसं संपतं ते भिंगातून बघून इथे लिहा.