मदत हवी आहे: जुनी व्ही-क्रॉस घेतली, आता पाटे, टायर, लाइट, कॅनपी... आधी कशाला हात घालू?

कातळसडा

नमस्कार मंडळी,

नुकतीच सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घेतली. २०१७ चं मॉडेल, अडीच लिटरचं डिझेल, हाताचे गिअर, फोर बाय फोर. ९२ हजार किमी झालेत. आधीचे मालक पुण्याचे, त्यामुळे गाडी बहुतेक डांबरावरच फिरलीय. पासिंग खासगी, पांढरी पाटी.

मी दापोली तालुक्यातला. आंबा-काजूची बाग आहे. बागेत जायचा शेवटचा तुकडा म्हणजे लाल मातीचा उभा चढ, पावसात त्याचं लोणी होतं. वर्षभर हौद्यात खताच्या गोण्या, कलमं, पंप, पाइप. हंगामात आंब्याच्या पंचवीसेक पेट्या घेऊन ताम्हिणीतून पुण्याला जायचा विचार आहे. आणि खोटं कशाला बोलू, गाडी घेतली ती यासाठीही की पोरांना घेऊन तंबू टाकून कुठेतरी राहता यावं.

बजेट दीड लाख, फार तर थोडं वर. डोक्यात आहे ते असं: मागे दोन पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवणे (पेट्या टाकल्या की शेपूट बसतं), पुढून-मागून दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणे), २६५/७० आर १६ चे एटी (ऑल टेरेन) टायर (सध्या २४५/७० आहेत), छतावर एलईडी बार, पुढे लोखंडी बंपर, हौद्यावर फायबरची कॅनपी (टप). मेहुणा म्हणतो स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) पण लाव. एकजण रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणे) करून देतो म्हणतोय, पंधरा टक्के ताकद वाढेल म्हणे.

यातलं काय करावं, काय नाही, आणि कुठल्या क्रमाने? आरटीओचं नक्की काय? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, यूट्यूब भरपूर बघून झालंय.

गिअरकाका

अभिनंदन. गाडी दणकट आहे. पण यादीतलं काहीही विकत घ्यायच्या आधी पंधरावीस हजार बाजूला काढा, जे आहे ते ठीक करायला.

नव्वद हजारांच्या पुढे गेलेल्या गाडीत पाटे थकलेत की नुसते बुश (जोडांतली रबरं) गेलेत हे आधी कळायला हवं. सपाट जागेवर, रिकाम्या हौद्याने गाडी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत चारही बाजू टेपने मोजा. मागची डावी-उजवी वेगळी आली तर पाटा बसलाय किंवा तुटलाय. सारखी आली आणि तरी खड्ड्यात खडखड असेल तर शॅकलचे (पाट्याचं टोक धरणाऱ्या कडीचे) बुश आणि शॉकअप बघा. पाटे आवळणारे यू बोल्ट एकदा खोलले की नवेच घालायचे, जुने आवळून चालवू नका.

गाडी डांबरावरच चालली म्हणता, ती गोष्ट फोर बाय फोरला मानवत नाही. नॉब फिरवून चिखलात खात्री करा की पुढची चाकं खरंच ओढतात, नुसता दिवा लागणं पुरेसं नाही. फोर एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) घालताना गाडी थांबवा, न्यूट्रल करा, मग फिरवा. ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) आणि दोन्ही डिफरन्शिअलचं (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) तेल बदला. इंजिन ऑइल सगळे बदलतात, ही तीन तेलं वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. आणि कोरड्या डांबरावर फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून फिरू नका, मध्ये डिफरन्शिअल नाही, वळणावर सगळा ताण शाफ्टवर येतो.

चेसिसला पाटे जिथे अडकतात ती जागा गाडीखाली झोपून बघा. तडा किंवा नंतर केलेलं वेल्डिंग दिसलं तर इथे फोटो टाका, पुढचं नंतर बोलू.

रिमॅप विसरा. १३० च्या आसपास घोडे आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क आहे, तुमच्या चढाला तो पुरून उरतो. जुन्या क्लचवर जास्त टॉर्क टाकला तर पहिला क्लचच जाईल.

अनवट_घाटवाट

टायरबद्दल, कारण तुमच्या चिखलात सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडणार आहे.

२४५/७० आर १६ चा व्यास साधारण ७४९ मिमी. २६५/७० चा ७७७. म्हणजे जमिनीपासूनची उंची वाढते फक्त १४ मिमी, कारण व्यासातली निम्मीच वाढ धुऱ्याखाली मिळते. बदल्यात काय? स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ वर असेल, किलोमीटर कमी मोजले जातील, चढावर गिअर किंचित जड वाटेल आणि पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासतंय का ते बघावं लागेल. शिवाय आरटीओच्या नजरेने तो वेगळा साइज, म्हणजे बदल.

मी असतो तर कंपनीच्याच साइजमध्ये चांगले एटी घेतले असते. बाजूची भिंत जाड हवी, कातळावर टायर तिथेच फाटतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) जुन्या टायरइतका किंवा जास्त, कमी चालणार नाही. चिखलात हवा थोडी कमी करून बघा आणि डांबरावर यायच्या आत परत भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर आणि मीटर घ्या, पाच हजारांत येतो. स्नॉर्कलपेक्षा शंभरपट कामाचा.

स्नॉर्कलवर एवढंच: तो फक्त इंजिनात पाणी जाऊ देत नाही. वायरिंग, डिफरन्शिअलचे ब्रीदर (हवेची भोकं), अल्टरनेटर, सगळं पाण्यातच असतं. तुम्ही नदी ओलांडून बागेत जात नाही ना?

नियमावली_नको_पण

आरटीओचा प्रश्न कोणी घेत नाही म्हणून मीच घेतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीचे जे तपशील कंपनीने ठरवून नोंदणीत गेलेत, त्यापेक्षा वेगळं होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोखंडी बंपर आणि बुलबार यांच्यावर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. रस्त्यावर सगळ्यांच्या गाड्यांना दिसतात हे मान्य, पण रस्त्यावर विनाहेल्मेट माणसंही दिसतात.

बंपरचं कारण नुसतं कागदी नाही. पुढचा भाग धडकेत चुरगळून धक्का खातो. कडक लोखंड तो धक्का सरळ चेसिसला देतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं. समोर पायी माणूस असेल तर त्याचं काय होतं ते सांगायला नको.

मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. पंचवीस पेट्या म्हणजे किती किलो?

कातळसडा

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

@गिअरकाका, मोजलं. मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली आहे. चेसिस स्वच्छ दिसतंय, वेल्डिंग नाही. फोर बाय फोर लागतंय, बागेच्या चढावर पुढची चाकं माती उडवताना बायकोने उतरून बघितली.

@नियमावली, एक लाकडी पेटी भरून वीस-बावीस किलो. पंचवीस म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. पण दोन पाटे वाढवले तर चालेल ना? गावात सगळे बोलेरो पिकअपला वाढवतातच.

नियमावली_नको_पण

नाही चालणार. आरसी काढा. त्यावर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोघांची वजाबाकी करा. त्यातून चालकासकट बसणाऱ्या सगळ्या माणसांचं वजन वजा करा. उरलं ते तुमच्या पेट्यांचं. खासगी पासिंगच्या पाच सीटर पिकअपमध्ये हे फार थोडं असतं.

पाटे वाढवल्याने शेपूट वर येतं, तो आकडा वाढत नाही. ब्रेक तेच, धुरा तोच, टायर तेच. ताम्हिणीच्या उतारावर साडेपाचशे किलो मागून ढकलणार आणि थांबवायला तेच ब्रेक. काही झालं तर विमा कंपनी सगळ्यात आधी वजनच विचारेल. आणि शेजाऱ्याच्या पेट्या भाडं घेऊन नेणार असाल तर पांढऱ्या पाटीवर ते करताच येत नाही.

पर्थवाला_पाटील

ऑस्ट्रेलियातून. इथे ही गाडी दर तिसऱ्या शेतकऱ्याकडे आहे. इथे वजन वाढवायचं असेल तर ‘जीव्हीएम अपग्रेड’ (भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाची मर्यादा वाढवणं) करतात: मान्यताप्राप्त सस्पेन्शन किट, तपासणी, प्रमाणपत्र, आणि मग कागदावर नवा आकडा. इथल्या लिफ्ट केलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून तिकडे किट लावलं तर लोखंड मिळतं, कागद मिळत नाही.

लिफ्टबद्दल: पुढे स्प्रिंग उंच केली की एक्सलचे सीव्ही जॉइंट आणि बॉल जॉइंट हे सांधे जास्त कोनात चालतात, अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. चाळीस-पन्नास मिमीच्या पुढे गेलात तर झीज नक्की. तुमच्या चढाला उंची नाही, पकड लागते. आधी टायर टाका आणि एक पावसाळा जाऊ द्या.

वायरमन_दादूस

लाइटवर मी बोलतो, माझं पोटच त्यावर आहे.

छतावरचा एलईडी बार ताम्हिणीच्या धुक्यात लावून बघा, समोर पांढरी भिंत उभी राहील. प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यात येतो. समोरून येणारा आंधळा होतो ते वेगळं. धुक्याला खाली, बंपरच्या उंचीला बसवलेले पिवळे फॉग लॅम्प.

त्याआधी हेडलाइटच्या काचा बघा. २०१७ च्या म्हणजे पिवळ्या पडल्या असणार, घासून पॉलिश करून घ्या, हजार-दीड हजाराचं काम. मग गाडी चालू ठेवून मल्टीमीटरने बॅटरीवर व्होल्ट बघा, नंतर बल्बच्या सॉकेटवर. बॅटरीवर १४ आणि बल्बवर साडेबारा येत असेल तर प्रकाश वायरमध्ये जिरतोय. रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून जाड वायर ओढली की त्याच बल्बचा उजेड वाढतो, वॅट वाढवायची गरज नाही.

काहीही जोडा, बॅटरीजवळ फ्यूज हवाच. १२० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपिअर, त्याला १५ चा फ्यूज. ओरिजिनल वायर सोलून टेप गुंडाळणारा भेटला तर गाडी घेऊन सरळ निघा, कोकणातल्या दमट हवेत तो जोड वर्षभरात हिरवा होतो.

कातळसडा

आरसी बघितली. वजाबाकी केली आणि घाम फुटला. घरची चार माणसं बसली की हौद्यासाठी जेमतेम दोन-चार गोण्या उरतात.

मग ठरवलंय ते असं. पुण्याचा आंबा पिवळ्या पाटीच्या भाड्याच्या पिकअपने जाईल, दरवर्षी जातो तसाच. ही गाडी बागेची आणि घरची. डावा-उजवा दोन्ही पाट्यांचे संच कंपनीच्या मापाचेच नवे, बुश, शॉकअप, तिन्ही तेलं. कंपनीच्याच साइजचे एटी टायर. हेडलाइटचं रिले आणि खाली फॉग. कंप्रेसर, ओढायचा पट्टा, तो अडकवायची शॅकल. बंपर, लिफ्ट, स्नॉर्कल, रिमॅप बाद. मेहुणा नाराज आहे.

एकच शंका राहिली. कॅनपी? तंबू-अंथरुणं भिजू नयेत एवढंच हवंय.

गिअरकाका

फायबरची कॅनपी पन्नासेक किलोच्या घरात जाते, तुमच्याकडे जे थोडं उरतंय त्यातूनच तेवढं जाईल. शिवाय कायमची बसवली तर तोही बदल. गुंडाळता येणारं कव्हर घ्या, क्लॅम्पने बसतं, छिद्र पाडावं लागत नाही. छिद्र पाडलंत की तुमच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. हौद्याच्या कोपऱ्यातली पाणी जायची भोकं मोकळी आहेत का तेही बघून घ्या, खत साचून बुजतात.

नियमावली_नको_पण

आणि विमा तुमच्या नावावर झालाय का? गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत कळवायचं असतं, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात अडचण येते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) तुम्हाला मिळत नाही. फॉग लॅम्प बसवले की बिल जपून ठेवा आणि पॉलिसीत आयएमटी २४ या जोडकलमाखाली नोंदवून घ्या, ते इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजसाठीच असतं.

कातळसडा

विम्याचा फॉर्म टेबलावरच पडलाय. उद्या दापोलीला जातोच आहे, एजंटाकडे देऊन येतो. पाट्यांचं काम चिपळूणला करायचं म्हणतोय, तिथला कोणी चांगला मिस्त्री माहीत असेल तर व्यनि करा.