मदत हवी आहे: सिंथेटिक जेटचा लूप जोडला की पात्याचं कंपन वाढतंय

विंड टनेलमध्ये पवनचक्कीच्या पात्याचा तुकडा तपासतोय. कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) ३० सेंमी, वारा २० मी./से., म्हणजे रेनॉल्ड्स अंक (हवेचं जडत्व आणि चिकटपणा यांचं प्रमाण) साधारण ४ लाख. पुढच्या कडेपासून १० टक्क्यांवर अर्ध्या मिलिमीटरची फट, आत पिझो डायफ्रॅम (विजेवर थरथरणारा पडदा); तो फटीतून हवा आत-बाहेर करतो, हाच सिंथेटिक जेट. तो ८०० हर्ट्झवर चालतो, ६७ हर्ट्झने चालू-बंद होतो. टोकावरच्या अ‍ॅक्सेलरोमीटरच्या (कंपन मोजणाऱ्या सेन्सरच्या) सिग्नलवरून जेटचा जोर बदलतो, हा झाला लूप.

स्टॉलच्या (पात्यावरून प्रवाह सुटण्याच्या) उंबरठ्यावर, वाऱ्याशी १२ अंशांच्या कोनाला, कंपन उतरतं. १६ अंशांना मात्र ९ हर्ट्झचं वाकण्याचं कंपन फुगत जातं; लूप तोडून जेट एकसारखा ठेवला की शमतं. माझा संशय उशिरावर आहे. हवेला कॉर्ड ओलांडायला १५ मिलिसेकंद लागतात, सुटलेला प्रवाह परत चिकटायला त्याच्या काही पट. चौपट धरली तरी ६० मिलिसेकंद, म्हणजे त्या कंपनाच्या अर्ध्या आवर्तनाहून जास्त. जोर नेमका उलटा पडतो!

फेज लीड (उशीर भरून काढायला सिग्नल पुढे सरकवणं) वाढवला तर गोंगाटही वाढतो. प्रवाह चिकटण्याचा आणि सुटण्याचा वेळ सारखा नसतो, मग एकच उशीर धरणारा स्मिथ प्रेडिक्टर (मॉडेलवरून उशिराची भरपाई करणारा कंट्रोलर) टिकेल का? की ७० टक्के कॉर्डवर दाबाचा सेन्सर थेट पृष्ठभागात बसवून (लांब नळी नकोच, ती स्वतःच उशीर वाढवते) त्यावरून फीडबॅक घ्यावा? कुणी असा लूप स्टॉलपलीकडे स्थिर केला असेल तर कृपया सविस्तर सांगा.