मेंटॉर प्राध्यापकांकडे नेमके कशासाठी जावे?

प्रश्न : बहिणीने यंदा पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असून तिला नेमून दिलेल्या मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, प्राध्यापकांचे नाव सूचनाफलकावर लागले आहे. आम्ही जिंतूर तालुक्यातले. घरातून महाविद्यालयात जाणारी ती पहिलीच. त्यांच्याशी काय बोलावे?

उत्तर १ : मी लातूरला शिकवतो. माझ्याकडे 22 विद्यार्थी असून हजेरी, अंतर्गत गुण आणि घरची अडचण यांची नोंद मी ठेवतो. गेल्या ऑक्टोबरात एक मुलगा तीन आठवडे आला नाही म्हणून फोन केला, तेव्हा तो सोयाबीनच्या काढणीत गुंतल्याचे आणि उत्पन्नाचा दाखला जुना असल्याने महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आल्याचे कळले. नवा दाखला काढून तो अर्ज आम्ही मुदतीत भरला.

उत्तर २ : सर, सगळीकडे असे नसते. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे प्रमाण द्यावे लागत होते, म्हणून आमच्याकडे एका दुपारी वर्षभराच्या भेटींच्या नोंदींवर मागील तारखांनी सह्या घेतल्या होत्या.

उत्तर १ : तेही खरे आहे. म्हणूनच तुमच्या बहिणीने मेंटॉरांनी बोलावण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात भेटावे. वसतिगृह, बसचा पास, इंग्रजीची भीती, काहीही विचारावे.