स्लाईड कोॲग्युलेज पॉझिटिव्ह, ट्यूब निगेटिव्ह, आता काय लिहू?

कॉलनीवाली
मंडळी, डोकं चालेनासं झालंय, जरा मदत करा. गळवातला पू आला होता, ब्लड अगारवर (रक्त घातलेलं कल्चरचं माध्यम) पिवळसर कॉलन्या, भोवती हिमोलिसिस (लाल पेशी फुटून झालेलं वलय), ग्रॅम स्टेनमध्ये जांभळे कोकाय (गोल जंतू) घोसच्या घोस. कॅटलेजला (पेरॉक्साइड टाकून बघायची टेस्ट) भसाभस बुडबुडे. म्हटलं स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) आहे, कोॲग्युलेज (प्लाझ्मा गोठवणारं एन्झाइम, ऑरियस या जातीची खूण) लावू आणि मोकळं होऊ. स्लाईडवर दहा सेकंदांत गुठळ्या झाल्या पण, पण आमच्याकडे ट्यूबने कन्फर्म केल्याशिवाय ऑरियस लिहीत नाहीत, म्हणून संध्याकाळी निघताना ट्यूब लावून 37 डिग्रीला ठेवली आणि सकाळी बघते तर प्लाझ्मा पाण्यासारखा पातळ! आता कुणावर विश्वास ठेवू? माल्डी (जंतू ओळखणारं मशीन) वगैरे काही नाही आमच्याकडे, ट्यूबा आणि डोळे एवढंच.

जुनं_खोड
संध्याकाळी लावली, सकाळी बघितली, घोळ तिथेच असणार. ऑरियसचे काही स्ट्रेन स्टॅफिलोकायनेज बनवतात, ते झालेला क्लॉट परत विरघळवतं. म्हणजे रात्री कधीतरी मस्त क्लॉट झाला असेल आणि तू यायच्या आत गायब. म्हणून ही ट्यूब सकाळी लावायची आणि पहिले 4 तास दर तासाला बघायची. 4 तासांत काही नाही झालं तर बाहेर काढून रूम टेंपरेचरला रात्रभर ठेवायची, इनक्युबेटरमध्ये नाही. आणि हलवून बघू नकोस, हळूच तिरकी कर, नुकता धरलेला क्लॉट गदागदा हलवला की मोडतो. नवीन लोकांचा हात हमखास इथे जड पडतो.

घोसाळं
खोडसाहेबांशी सहमत, पण त्याआधी एक विचारायचं होतं, स्लाईडवर नुसत्या सलाईनचा कंट्रोल ठेवला होता का? काही स्ट्रेन प्लाझ्मा नसतानाही आपोआप गोळा होतात आणि मॅनिटॉल सॉल्टवरून (जास्त मिठाचं माध्यम) कॉलनी उचलली तर हमखास फसायला होतं.
दुसरं म्हणजे लग्ड्युनेन्सिस (स्टॅफचीच दुसरी जात) विसरू नका! स्लाईड पॉझिटिव्ह ट्यूब निगेटिव्ह म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी तोच येतो. स्लाईडला दिसतो तो क्लम्पिंग फॅक्टर, जो पेशीला चिकटलेला असतो, ट्यूबमध्ये बाहेर सोडलेलं कोॲग्युलेज दिसतं. लग्ड्युनेन्सिसकडे पहिलं असू शकतं, दुसरं नसतं. पीवायआर डिस्क (एका एन्झाइमची झटपट टेस्ट) असेल तर लावा, लग्ड्युनेन्सिस पॉझिटिव्ह येतो, ऑरियस निगेटिव्ह. ऑर्निथिन टेस्टही लग्ड्युनेन्सिसला पॉझिटिव्ह. आणि ट्यूब निगेटिव्ह म्हणून कॉन्स (कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफ) लिहून स्किनचा कंटॅमिनंट समजून सोडून देऊ नका, हा गळवं तर करतोच पण हृदयाच्या झडपाही खातो. (1988 साली पहिल्यांदा वर्णन झालं, नाव ल्यों शहराच्या लॅटिन नावावरून, एवढं गोड नाव आणि असले धंदे.)

पेट्रीतला_पाहुणा
थोडं अवांतर. प्लाझ्मा कुठला वापरता? सायट्रेटवाला (गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेला) असेल तर एंटेरोकॉकस (दुसरा एक गोल जंतू) सायट्रेट खाऊन टाकतो आणि कोॲग्युलेज नसतानाही क्लॉट होतो, म्हणून ईडीटीएवाला रॅबिट प्लाझ्मा बरा. एंटेरोकॉकस कॅटलेजलाच गळतो हे खरं, पण ब्लड अगारवरून कॉलनीबरोबर थोडं अगार खरवडलं गेलं की रक्तातल्या लाल पेशींचं कॅटलेज बुडबुडे देतं आणि मग तोही स्टॅफ होऊन बसतो. मी स्वतः केलंय हे, सगळ्यांसमोर.

कॉलनीवाली
सलाईनचा कंट्रोल ठेवला नव्हता, कबूल 🙈 आज न्यूट्रिअंट अगारवरून प्युअर कल्चर घेऊन सगळं परत केलं, सोबत माहितीतला ऑरियस आणि एपिडर्मिडिसही (कोॲग्युलेज नसलेली स्टॅफची जात) लावला. सलाईनमध्ये गुठळी नाही. सकाळी साडेनऊला ट्यूब लावली, साडेअकराला तिरकी केली तर घट्ट जेली! पीवायआर निगेटिव्ह. ऑरियस लिहून रिपोर्ट दिला. ती ट्यूब मुद्दाम इनक्युबेटरमध्येच ठेवलीये, उद्या पातळ झालेली दिसली तर फोटो टाकते.

जुनं_खोड
टाक टाक. ट्यूबवर वेळ लिहिलीस ना पण?

कॉलनीवाली
आता लिहून आले 😅