‘खरी मर्सिडीज ९५ सालीच संपली’ म्हणे! हे रडगाणं कधी संपणार?

खडूस चिंचवडकर:

परवा ‘दुहेरी क्लच’ यांनी इथे लांबलचक लेख टाकला. ज्यांचा हुकला त्यांच्यासाठी सार: जुनी मर्सिडीज म्हणजे रणगाडा, पत्रा असा की धडकणाऱ्याचंच नुकसान, ९५ च्या आसपास कंपनीत हिशेबनीस शिरले, तेव्हापासून आपण पैसे मोजतो ते फक्त नाकावरच्या चांदणीचे. खाली पन्नासेक जणांनी ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणून टाळ्या पिटल्या. दोन दिवस गप्प बसलो. आता नाही बसवत.

आधी पत्रा. अहो, पत्रा वाकू न देणं ही मर्सिडीजची करामत नाहीच, तो वाकू देणं ही आहे. बेला बारेनी या त्यांच्या इंजिनिअरने १९५१ साली पेटंटसाठी मांडलेली कल्पना अशी, की माणसं बसतात तो मधला पिंजरा कडक ठेवायचा आणि पुढचं-मागचं अंग मुद्दाम चुरगळू द्यायचं. धडकेचा जोर पत्र्यात जिरतो, बरगड्यांपर्यंत पोचत नाही. १९५९ च्या ‘फिनटेल’ या मॉडेलमध्ये ही कल्पना रस्त्यावर आली. आज तुमच्या सात लाखांच्या गाडीचं नाक ठोकरीत पापडासारखं मोडतं ना, तो त्यातलाच प्रसाद. भक्ती करायला बसलात आणि देवाचं नावच उलटं घेतलंत.

दुसरं, हे ९५ साल. ते कुठून आलं ते मला ठाऊक आहे. ९४ मध्ये टेल्कोशी (आजची टाटा मोटर्स) भागीदारी झाली आणि ९५ ला पिंपरीतून डब्ल्यू १२४ बाहेर पडली (हे डब्ल्यूचे आकडे म्हणजे मॉडेलची कंपनीतली नावं). आपल्यापैकी बहुतेकांनी जवळून पाहिलेली पहिली मर्सिडीज ती. नेमकं त्याच वर्षी जर्मनीत तिच्या जागी डब्ल्यू २१० आली होती. आपण वरात बघायला पोचलो तेव्हा नवरदेव निवृत्तीला आलेला. आणि या पूजनीय १२४ च्या शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने तडकून भुगा व्हायचं, हे लेखात नाही.

तिसरं, जे लेखात अजिबातच नाही. लेखात १८८६ चं कार्ल बेन्झचं मोटारगाडीचं पेटंट आहे. १८८८ साली नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्ट्सहाइमला गाडी नेणारी त्याची बायको बर्था आहे. १९२६ साली डायमलर आणि बेन्झ या दोन कंपन्या एक झाल्या तेही आहे. आणि मग थेट १९५४ ची, पंखासारखी दारं उघडणारी ३०० एसएल! मधली वर्षं काय उंदरांनी खाल्ली? १९४४ मध्ये कंपनीत ६३,६१० माणसं राबत होती. त्यातली जवळजवळ निम्मी वेठीला धरून आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावणीतले कैदी. आकडा कंपनीनेच दिलेला आहे. ‘सर्वोत्तम किंवा काहीच नाही’ हे ब्रीद लेखात तीनदा आलं, हे एकदाही नाही.

दुहेरी क्लच:

व्वा. माझा लेख गाडीवर होता, हिटलरवर नव्हता. उद्या मी वडापाववर लिहिलं तर तुम्ही बटाट्याच्या वसाहतवादी इतिहासाचा जाब विचाराल.

माझा मामा मस्कतला होता. त्याच्या कंपनीत ८२ सालची डब्ल्यू १२३ होती, २४० डी. सुट्टीत गेलो तेव्हा मी अकरा वर्षांचा. दार लावलं की ‘धप्प’ असा आवाज यायचा, बँकेची तिजोरी लागावी तसा. एसीच्या जाळीला बोट लावलं तर बर्फ. वाळूत, पन्नास अंशांच्या उन्हात ती गाडी रोज धावायची. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने अशाच २४० डी वर ४६ लाख किलोमीटर काढले, ती गाडी आज स्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे. हे मी स्वप्नात पाहिलं का?

आणि हिशेबनिसांचं म्हणाल तर पुरावे तुम्हीच मोजा. १९९७: स्वीडनमध्ये एका मासिकाने चाचणी घेतली आणि ए-क्लास चक्क उलटली. १९९८: अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी ‘बरोबरीचा’ विवाह, २००७ मध्ये काडीमोड. डब्ल्यू २१० चा गंज तर दंतकथाच झाला. २००५: ब्रेक आणि इतर इलेक्ट्रॉनिक्सपायी १३ लाख गाड्या परत बोलावल्या. आता सांगा, रडगाणं कोणाचं?

पाना पक्कड:

ग्रीसच्या त्या टॅक्सीत इंजिन एकच नव्हतं. आलटून पालटून बसवलेली होती. आजोबांची कुऱ्हाड तीच, फक्त दोनदा दांडा आणि एकदा पातं बदललं.

बाकी दोघेही खरं बोलताय आणि दोघेही गॅरेजात कधी उभे राहिलेले दिसत नाही. माझ्याकडे लोक येतात. नवी महागडी गाडी (कुठल्या कंपनीची ते विचारू नका, धंदा करायचाय), डॅशबोर्डवर नाताळची रोषणाई, आणि दोष काय? बॅटरी उतरलेली. मालक म्हणतो, ‘जुन्या गाड्या बऱ्या होत्या हो.’ जुन्या बऱ्या होत्या कारण बिघडल्या की काय बिघडलं ते हाताला लागायचं. आता आधी लॅपटॉप लावा, मग परवानगी मागा, मग पार्ट जर्मनीहून येईपर्यंत सहा आठवडे भाड्याच्या गाडीने फिरा.

काळीपिवळी बीड:

२४० डी चा विषय निघालाच आहे तर बोलतो. तिच्यात जे ओएम ६१६ इंजिन होतं ना, तेच लायसन्सवर बनून आमच्या बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स जीपमधी बसायचं. वडलांनी बीड-अंबाजोगाई अठरा वर्षं चालवली. आत चौदा, फूटबोर्डावर तीन, टपावर गाठोडी आन् एखादी शेळी. तुमच्या मस्कतच्या मामांनी एसीत बसून जे चालवलं त्याच्या तिप्पट वजन आम्ही घाटात वढलं. रणगाडा बघायचा असंल तर आमच्या दारात या.

दुहेरी क्लच:

दादा, आदर आहे, पण लायसन्सवर आकुर्डीत बनलेलं इंजिन म्हणजे मर्सिडीज नव्हे. उद्या कोणी टेम्पो ट्रॅव्हलरमधून अष्टविनायक करून आला की तोही म्हणेल, मी मर्सिडीजने फिरलो.

पाना पक्कड:

म्हणू द्या की. ट्रॅव्हलरचा सांगाडाही मूळ मर्सिडीजच्याच व्हॅनचा आहे. आणि ‘टेम्पो’ हा शब्द तरी आपला कुठे? हॅम्बर्गच्या कंपनीच्या तीनचाकीचं नाव ते. फिरोदियांनी ती इथे आणली आणि आज मराठीत सामान वाहणारं काहीही असो, तो टेम्पोच.

काळीपिवळी बीड:

साहेब, ‘मर्सिडीज नव्हे’ म्हणजे काय? तेच डिझाइन, तेवढेच सिलेंडर, तोच आवाज. पहाटे चावी अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा विझस्तोवर थांबायचं, मंगच सेल मारायचा. घाई केली की धूर आन् शिव्या. जर्मनीतल्या टॅक्सीवाल्याला बी हेच करावं लागत व्हतं. त्याच्या हातात आलं की मर्सिडीज, आमच्या हातात आलं की ‘लायसन्सवर’? पत्रा जाड असला की गाडी चांगली म्हणणारे तुम्हीच ना?

खडूस चिंचवडकर:

पत्र्याचं उत्तर मी वर दिलंय. कोणी वाचलं का? की सगळे ट्रॅक्समध्ये बसून गेले?

औरंगपुरा:

मर्सिडीजची प्रतिष्ठा म्हणे! ऑक्टोबर २०१० विसरलात का? आमच्या शहरातल्या, म्हणजे औरंगाबादेतल्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एका फटक्यात घेतल्या, ६५ कोटींचा सौदा, छाती फुगवून फोटो. बँकेने कर्ज दिलं ७ टक्क्यांनी. तेव्हा ट्रॅक्टरला व्याज होतं १२ च्या घरात. माझ्या काकांनी त्याच सालात ट्रॅक्टर घेतला. बँकेचं नाव घेत नाही, पण दोन जामीनदार, तीन वेळा सातबारा, आणि साहेब जेवायला गेलेत म्हणून चार चकरा. तुम्ही पत्र्यावर भांडा.

नुसतं वाचतो:

पण यात गाडी बनवणाऱ्याचा काय दोष? दीडशे जण मिळून गेले म्हणून भाव पडला. आपण मंडईत तिघे मिळून कांद्याची गोणी घेतो तेच की.

औरंगपुरा:

कांद्याच्या गोणीला ७ टक्क्यांनी कर्ज कोण देतं ते पत्ता देऊन सांगा. ज्यांच्या घरात कधी हप्ता थकला नाही त्यांना सगळं मंडईसारखंच दिसतं.

नेकारकाठची:

शांत व्हा जरा. मी स्टुटगार्टजवळ राहते, नवरा झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात आहे, तेव्हा माझ्या मीठ खाण्याबद्दल आधीच सांगून टाकते. इथे ‘मर्सिडीजमध्ये नोकरी’ असं कोणी म्हणत नाही, ‘डायमलरकडे आहे’ म्हणतात. पिंपरीत ‘टेल्कोत आहे’ म्हणायचे, अगदी त्याच सुरात.

चिंचवडकर, तुमचा आकडा बरोबर आहे, पण तुम्ही तो ढेकूळ फेकावं तसा फेकलात. याच नेकार नदीच्या काठी, खाली ओब्रिगहाइमला, डोंगरात जिप्समची खाण आहे. १९४४ मध्ये बॉम्बपासून वाचवायला विमानांच्या इंजिनांचा कारखाना तिथे आत हलवला. सांकेतिक नाव ‘गोल्डफिश’. काम करायला कैदी. ते राहायचे नदीपलीकडे नेकारेल्त्सला, गावातल्या शाळेत. शाळेच्या इमारतीत छावणी! मुलीच्या वर्गाची सहल तिथे गेली होती, मी सोबत होते. मुलं आधी खिदळत होती, मग एकाने विचारलं, फळा कुठल्या भिंतीवर होता? बाईंना सांगता येईना.

कंपनीने हे लपवलं का? बरीच वर्षं तरी आपणहून सांगितलं नाही. शंभरी साजरी झाल्यावर ओरडा झाला आणि १९८८ मध्ये २ कोटी मार्क दिले. आता संग्रहालयात तो काळ आहे. लिफ्टने थेट वर नेतात, दार उघडलं की समोर पांढरा घोडा, कारण गोष्ट १८८६ पासून सुरू होते. मग उतारावरून फिरत फिरत खाली यायचं. त्या भिंतींवरचे फोटो मात्र लोक भराभर ओलांडतात, सगळ्यांना पुढच्या गाड्या बघायच्या असतात. दुहेरी क्लच, तुमचा लेख मला तसा वाटला.

जाता जाता आणखी एक. मर्सिडीज हे डायमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेकच्या मुलीचं नाव. या माणसाचे वडील व्हिएन्नातले ज्यू धर्मगुरू. हिटलर ज्या गाडीत उभा राहून हात उंचवायचा, तिच्या नावात एका ज्यू धर्मगुरूची नात बसलेली होती.

दुहेरी क्लच:

शेवटचं माहीत नव्हतं. बरं, ‘भराभर ओलांडलं’ हे मान्य. चिंचवडकरांना नाही, तुम्हाला मान्य.

खडूस चिंचवडकर:

आभारी आहे, मेहेरबानी पोचली. मग पत्र्याचंही करून टाका.

आणि ए-क्लासचं अर्धंच सांगितलंत. उलटल्यावर त्यांनी गाडी देणं थांबवलं आणि त्या छोट्या गाडीत सरसकट ईएसपी (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) बसवलं, जे तोवर मोठ्या लोकांच्या गाड्यांत असायचं. फजितीतून का होईना, छोट्या गाडीलाही ते लागतं हे सगळ्यांना कळलं. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएसही तसंच, १९७८ च्या एस-क्लासमध्ये बॉशबरोबर आणलं, आज दुचाकीतही आहे. तुमच्या सुवर्णकाळापेक्षा मला हे मोठं वाटतं.

पाना पक्कड:

ईएसपी ठीक, पण मागे बसलेल्याने पट्टा नको का लावायला? २०२२ मध्ये चारोटीजवळच्या पुलावर ज्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ती मर्सिडीजच होती. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. आमच्याकडे गिऱ्हाईक पट्ट्याची टोचणी बंद करायला नुसती क्लिप मागतात. ती मी विकत नाही, शेजारचा विकतो, त्याचा धंदा माझ्या दुप्पट.

आणि डिझेल-डिझेल करणाऱ्यांनी हेही ऐका: चाचणीत धूर कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आरोपांपायी २०२० मध्ये याच कंपनीने अमेरिकेत २ अब्ज डॉलरच्या वर मोजायचं कबूल केलं. आधी अशाच भानगडीत सापडलेल्या फोक्सवॅगनला हसणारे मग गप्प.

काळीपिवळी बीड:

आमच्या ट्रॅक्सच्या धुरात सॉफ्टवेअर नव्हतं. जो व्हता तो समोर दिसत व्हता.

दुहेरी क्लच:

हे मात्र आवडलं.

ठीक आहे, जाहीर करतो: पत्र्याबद्दल मी चुकीचं लिहिलं, लेखात दुरुस्ती करतो. ९५ सालाबद्दल तसूभर हलणार नाही. डब्ल्यू २१० चा गंज ज्याने दाराच्या कडेवर बोट फिरवून पाहिलाय त्याने माझ्याशी वाद घालावा. आणि ट्रॅक्स मर्सिडीज नाही. इंजिन मर्सिडीजचं, हे मानतो. गाडी नाही.

काळीपिवळी बीड:

चला, इंजिन तरी मानलं. गाडी अजून आहे बरं का. वडील गेले, विकायचं मन झालं नाही. परवा हीटरचे प्लग नवे टाकले, बॅटरी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची जोडली, तिसऱ्या सेलला उठली.

दुहेरी क्लच:

फोटो टाका ना. बॉनेट उघडून.

औरंगपुरा:

ट्रॅक्टरच्या बॅटरीचं व्याज किती, तेही विचारा.

काळीपिवळी बीड:

टाकतो सकाळी. आता लाइट नाही. मागं कडब्याची गंजी दिसंल, तिच्यावर कोणी बोलू नका.