चर्चा: पेद्रो लुईस फेररची 'चांग्विसा' खरंच नवी, की जुन्या ग्वाराचावर (क्यूबातल्या विनोदी, टोमणेबाज गाण्यांवर) नवी पाटी?

तिरकी लय
क्यूबातल्या यग्वाहायचा गीतकार पेद्रो लुईस फेरर (जन्म 1952) आपल्या एका गानप्रकाराला 'चांग्विसा' म्हणतो. मूळ चांग्वी ही नाचगाण्याची परंपरा पूर्वेकडच्या ग्वांतानामोची. वाद्यं पाचच: त्रेस (गिटारसारखं तंतुवाद्य), बोंगो (जोडढोल), मारिम्बुला (खर्जाची पेटी), ग्वायो (लोखंडी किसणीसारखं घासवाद्य) आणि माराकास (खुळखुळे). फेररने ती गावरान घडण ठेवून त्यात बायकांचं गाणं आणि वाजवणं पुढे आणलं. त्याचा 2005चा 'रुस्तिको' अल्बम ऐका. प्रकार नवा आहे आणि त्यातली सरकारवरची टीका शब्दांइतकीच बांधणीत आहे, असं माझं ठाम मत.

त्याचं 'सिएन पोर सिएन्तो कुबानो' (शंभर टक्के क्यूबन) हे गाणं घ्या. देश शंभर टक्के क्यूबन आहे ना, मग उद्या ऊसतोडीच्या पैशांत हवानातली सगळ्यात चांगली खोली घेतो, असं सांगणारा भाबडा माणूस. 1993मध्ये डॉलर वापरणं कायदेशीर झालं, पण पगार पेसोतच राहिला. पर्यटकांच्या हॉटेलांत स्थानिकांना उतरायला बंदी होती, ती 2008मध्ये उठली. गाण्यात मात्र तक्रारीचा सूर नाही. गडी खुशीत आहे, म्हणूनच ते जास्त झोंबतं.

खर्जातला
असहमत. भाबड्या माणसाच्या तोंडून टोमणा मारणं ही ग्वाराचाची जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात हवानाच्या 'बुफो' (विनोदी नाटकांच्या) रंगमंचावर हेच चालायचं, आणि पुढे सांतियागोच्या न्यिको साकितो या गीतकाराने त्यावर हयात घालवली. मग नवं काय?

शिवाय द्वयर्थाने साधलं काय? फेररच्या 'आबुएलो पाको' गाण्यातल्या आजोबांनी घर बांधलंय, म्हणून घरातली वस्तूही त्यांना विचारल्याशिवाय हलवायची नाही. आजोबा म्हणजे फिडेल कास्त्रो, हे हवानातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. मुखवट्याला कोणी फसलं नाही आणि गाणं कॅसेटवरच फिरत राहिलं. याउलट लोस व्हान व्हान या नाचगाण्याच्या बँडने 1984मध्ये 'आता हवानाला आणखी माणसं झेपत नाहीत' हे थेट नाचाच्या गाण्यात घातलं आणि अख्खं शहर त्यावर नाचलं. टीका पोचायला हवी की नुसती हुशार असायला हवी?

किसणी
दोघेही शब्दांवर अडकलात. सोन या क्यूबन गानप्रकारात क्लावेचा, म्हणजे दोन काठ्या आपटून धरलेला, ठेका असतो. सोळा मात्रा धरल्या तर टाळी 1, 4, 7, 11 आणि 13 वर. बास बहुतेक 4, 7, 12, 15 वर येतो, म्हणजे समेवर बास नाहीच. चांग्वीत क्लावेच्या काठ्याच नसतात. ग्वायो आणि माराकास लय सरळ धरतात, त्रेस तिच्या अधल्यामधल्या जागांत धावतो, बोंगो बोलतो तसा वाजतो. ठरलेला साचा नसल्याने गायकाला शब्द हवा तिथे टाकता येतो. टोमण्याचा शब्द अर्धी मात्रा उशिरा येतो तो याच मोकळिकीमुळे.

मारिम्बुला ही लाकडी पेटी. वादक तिच्यावर बसून पुढच्या धातूच्या पट्ट्या छेडतो. पट्ट्या मोजक्या, म्हणून स्वरही मोजके. गाण्याची पट्टी बदलली की ती मागे पडते. त्यामुळे चाल फार भटकत नाही आणि कान शब्दांकडे राहतो.

हीच गाणी कोंगा (उंच ढोल), घंटा आणि बास गिटार लावून वाजवली की बिघडतात. बासने 4 आणि 7 पकडले की गायक नकळत त्यांच्यामागे जातो, उशिरा यायचा शब्द वेळेवर येतो आणि विनोद मरतो. टेम्पो वाढवला तर विचारूच नका.

तिरकी लय
@खर्जातला, पोचण्याची किंमत पाहा. 1997मध्ये ला चारांगा हाबानेरा या लोकप्रिय बँडवर सहा महिने बंदी आली. लोकप्रिय होते म्हणूनच ना?

खर्जातला
ती बंदी युवक महोत्सवातल्या त्यांच्या मंचावरच्या वागण्यावर आली, आडपडद्याच्या टीकेवर नाही. दोन्ही एका पारड्यात घालू नका. किसणी यांचा मुद्दा मात्र मला मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. चांग्वी रात्रभर नाचायची गोष्ट. शब्द ऐकण्यासाठी लोकांना खुर्चीत बसवलंत की ती मैफल झाली. 'नवी घडण' कसली, नाच काढून घेतलाय!

ओवीकर
नाचाचा वाद बाजूला ठेवून एक व्यवहाराचं. फेररच्या लिखाणात देसिमाही येते. अशी रचना मराठीत बसवायला जाणारे दोन जागी चुकतात. देसिमा म्हणजे दहा ओळी, यमक अ-ब-ब-अ-अ-क-क-ड-ड-क. ओळ आठ अक्षरांची, पण मोजणी आपल्यासारखी नाही. ओळीचा शेवट आघाती अक्षरावर झाला तर सात अक्षरंही आठ धरतात. एका शब्दाच्या शेवटचा आणि पुढच्याच्या सुरुवातीचा स्वर मिळून एकच अक्षर होतं. अभंगासारखी सरळ आठ मोजलीत तर चालीत मधूनमधून एखादं अक्षर उरतं.

दुसरी चूक यमकाची. चौथ्या ओळीनंतर अर्थाचा विराम हवा, कारण पाचव्या ओळीला पुन्हा 'अ' येतं आणि वळण तिथूनच सुरू होतं. विराम सहाव्या ओळीवर ढकलला तर शेवटच्या चार ओळींत टोमणा बसायला जागा उरत नाही.

किसणी
@खर्जातला, नाच काढलेला नाही, मंदावलाय. ग्वायो सरळ चालू आहे तोवर पाय हलतातच. 'रुस्तिको' ऐकताना फक्त ग्वायोवर लक्ष ठेवा, मग बोलू.